मोर्चा आणि अर्ज
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बाबासाहेबांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. पण घटनेच्या कितीतरी आधीपासून ते सरकारपुढे लेखी पुराव्यानिशी उभे राहत होते, तिकडं आपलं लक्ष जात नाही.

१९१९ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी साउथबरो कमिटीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली. १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. पुढं व्हाईसरॉयच्या मंडळात ते मजूरमंत्री झाले आणि १९४६ च्या फॅक्टरी दुरुस्ती कायद्यानं आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. आम्ही गिरणीवाले आठ तासांची पाळी करतो, ती अशी आली!

त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेतील काळ्या समाजाचे विद्वान डुबॉइस यांना पत्र लिहिलं. तुमच्या लोकांनी युनोकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती पाठवा, म्हणाले. आपलं दुःख जगाच्या दरबारात न्यावं, हा विचार त्यामागं होता.

१९६५ साली युनोनं वंशभेदाविरुद्ध करार केला. त्यात जन्मकुळावरून होणारा भेदभावही आला, आणि तो शब्द सुचवला भारतानंच! मात्र २००१ साली डर्बनच्या परिषदेत आपल्याच सरकारनं सांगितलं, जात हा इथला विषय नाही. २००२ साली युनोच्या समितीनं स्पष्ट केलं की त्या शब्दात जातिभेदही येतो.

पण बंधूंनो, जिनिव्हातला कागद सोलापूरच्या वस्तीत आपोआप चालत येत नाही. अॅट्रॉसिटी कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा दक्षता समितीनं तीन महिन्यांतून एकदा तरी बसलं पाहिजे, असं नियमात आहे. ती कधी बसली, किती प्रकरणं पाहिली, हे विचारलं कोणी? माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.

मोर्चाला आपण हजार येतो, अर्ज लिहायला चौघं मिळत नाहीत. मोर्चा पाहिजेच. पण मोर्चा संध्याकाळी घरी जातो, अर्ज मात्र फायलीत राहतो आणि साहेबाला उत्तर द्यायला लावतो.

म्हणून विनंती एवढीच. दर रविवारी वंदनेनंतर वकिली शिकलेल्या आपल्या मुला-मुलींनी इथं तासभर बसावं, लोकांना अर्ज लिहायला शिकवावं. आया-बहिणींनी पहिल्या रांगेत बसावं. 'शिका' या शब्दाचा अर्थ हाच आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!