भाग : मॉनिटर पिवळा पडलाय? थांबा, लगेच भंगारात देऊ नका

आजचा विषय घरोघरीचा आहे. कॉम्प्युटर चांगला चालतोय, पण जुन्या मॉनिटरवर सगळंच पिवळं दिसतंय, नाहीतर जांभळं. दुकानदार म्हणतो, "नवा घ्या." लग्नपत्रिका छापणाऱ्या छोट्या प्रेसवाल्याला हा खर्च जड जातो. आणि चुकीचा रंग बघून पत्रिका छापली, तर गिऱ्हाईकही जातं. म्हणून आधी दोष शोधूया, खर्च नंतर.

पहिलं काम सोपं. मॉनिटरच्या बटणांनी मेनू उघडा आणि फॅक्टरी रीसेट करा. कुणीतरी रंगाचं सेटिंग हलवलेलं असू शकतं. विंडोजमधलं नाइट लाइटही बंद आहे ना, तेवढं बघा. रात्री स्क्रीन पिवळसर करणं हे त्याचं कामच आहे.

तरीही रंग बिघडलेलेच? मग परत मेनू उघडा. हा मेनू मॉनिटर स्वतः तयार करतो, तो कॉम्प्युटरकडून येत नाही. मेनूचे रंग नीट आणि मागचं चित्र बिघडलेलं, तर संशय केबलवर किंवा कॉम्प्युटरवर. मेनूही तसाच रंगलेला असेल, तर दोष बहुधा मॉनिटरच्या पोटात.

आता केबल. जुनी निळ्या टोकाची व्हीजीए केबल, १९८७ पासून चालत आलेली. तिच्यात १५ पिना, ५-५ च्या तीन ओळी. पिनांचं टोक तुमच्याकडे आणि रुंद बाजू वर धरली, की वरच्या ओळीत डावीकडून लाल, हिरवा, निळा. यातला एक तुटला की उरलेले दोन मिसळून दिसतात. निळा गेला तर पांढरं पिवळं दिसतं, हिरवा गेला तर गुलाबी-जांभळं, लाल गेला तर निळसर-हिरवं. म्हणजे कुठली पिन बघायची, ते स्क्रीनच सांगते!

दोन्ही यंत्रं बंद करा, केबल काढा, पिना बघा. वाकलेली पिन बारीक चिमट्याने हळूच सरळ करा. नववी पिन बऱ्याच केबलमध्ये मुळातच नसते, तिला घाबरू नका. मग स्क्रू घट्ट आवळा. केबल हलवल्यावर रंग येत-जात असेल, तर दुसऱ्याची केबल लावून बघा. शे-दोनशेत काम होऊन जाईल.

केबल चांगली निघाली, तर मॉनिटर दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. तिथे रंग नीट आले, तर दोष तुमच्या कॉम्प्युटरचा.

जुना डबा मॉनिटर असेल आणि फक्त कोपऱ्यात रंगाचा डाग असेल, तर शेजारचा स्पीकर लांब ठेवा. त्यातल्या चुंबकाने असं होतं. मग मेनूतलं डीगॉस वापरा. एक मात्र कळकळीने सांगतो, हा डबा घरी उघडू नका. आत हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही झटका बसू शकतो.

जुन्या एलसीडीत दिवा थकतो, मग सगळी स्क्रीन मंद आणि पिवळसर-लालसर होते. तिथे मात्र मॉनिटर निवृत्त करायची वेळ आली समजा. पण कचऱ्यात टाकू नका. त्या दिव्यात पारा असतो आणि डब्याच्या काचेत शिसं. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

चला तर, आज घरी गेल्यावर तो मेनू उघडून बघा. भेटूया पुढच्या भागात!