पडदा कशावर टांगायचा?
(सर्वसाधारण सभेतील निवेदन)



गेल्या वर्षी तालमीत मागचा पडदा बांबूसकट खाली आला. मुलं नुकतीच विंगेत गेली होती, म्हणून निभावलं. दोरी कडीवर घासून झिजली होती. ती गाठ आम्हीच मारली होती, हेही सांगून टाकतो.

मोठ्या नाट्यगृहांत पडद्याच्या तोलाची वजनं दुसऱ्या टोकाला असतात. एकटा माणूस पडदा चढवतो. पद्धत झकास! पण अख्खा पडदा वर दिसेनासा व्हायला कमानीच्या साधारण अडीचपट उंची हवी. आपली कमान 14 फूट, छत 20. विषय संपला. मोटर बसवली तर वीज गेल्यावर पडदा अर्ध्यावर लटकणार, शिवाय दरवर्षी तपासणी.

म्हणून आम्ही ब्रेकची हातचरखी आणि पोलादी दोर निवडला. हँडल सोडलं तरी बोजा जागेवर राहतो. दिव्यांचा पाइप मात्र कायमचा जखडलेला. पाइप 35 किलो, आठ दिवे 80, वायरी धरून सव्वाशे. दोराची ताकद याच्या दहापट घ्यायची. "बांबू इतकी वर्षं चाललाच ना?" असं विचारणाऱ्या काकांना तो झिजलेला तुकडा दाखवू.

चरखीआधी छताच्या तुळया तपासायच्या आहेत. आम्ही सरकारी नोकरीतले डिप्लोमावाले. तिथे आमची सही चालत नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरचीच हवी. ती मिळेपर्यंत वर काही टांगणार नाही. यंदाचं नाटक जमिनीवर उभ्या केलेल्या फ्लॅटांवर होईल.