अडकलेले भिंग

तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी माळ्यावर किंवा ट्रंकेत एखादा जुना घडीचा कॅमेरा पडून असेल. कळ दाबली की पुढचे झाकण उघडते आणि कातडी भात्यासह भिंग बाहेर येते, तसला. इकॉन्टा, आयसोलेट ही नावे जुन्या मंडळींना आठवतील. अशाच एका कॅमेऱ्याच्या अडकलेल्या भिंगाविषयी आज बोलायचे आहे.

माझे वडील मूर्तिजापूर तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्याजवळ असा एक जर्मन बनावटीचा कॅमेरा होता. दरवर्षी चौथीच्या वर्गाचा फोटो ते स्वतः काढीत. मुलांपासून पावले मोजीत मागे जायचे, भिंगाभोवतीच्या कड्यावर तितके अंतर लावायचे आणि मगच कळ दाबायची, असा त्यांचा नेम. १९९६ साली मात्र सगळा रोल अंधुक निघाला. पुढच्या वर्षीही तेच. वडील म्हणाले, "आता नजर गेली आपली." कॅमेरा ट्रंकेत गेला तो गेलाच.

गेल्या उन्हाळ्यात मी तो अमरावतीला आणला. कडे फिरवू गेलो तर फार जड. मी एम. ए. झालेला माणूस, हत्यारांशी माझा संबंध तो काय! पक्कड लावली. ती सटकली आणि भिंगाच्या काठावर कायमचा ओरखडा उठला. तेव्हा अकोल्याचे एक वृद्ध घड्याळजी गाठले. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, हळूच फिरवून पाहिला आणि म्हणाले, "सर, काहून जोर लावता? वंगणाचा गोंद झाला हाये. अकोल्याचा उन्हाळा याले पाघळवू नाही शकला, तुमचा जोर काय करन?"

आता यातले मर्म पाहा. या साध्या कॅमेऱ्यांत एकामागे एक अशी तीन भिंगे असतात. पुढचे आणि मागचे फुगीर, मधले खोलगट. ही रचना १८९३ साली इंग्लंडमधील यॉर्क येथील डेनिस टेलर यांनी शोधून काढली. अंतर लावताना यांतले फक्त पुढचे भिंग आट्यांवर मागे-पुढे सरकते. त्या आट्यांना लावलेले वंगण चाळीस-पन्नास वर्षांनी वाळून घट्ट होते. मग पुढचे भिंग फिरवले की ते मधल्यालाही बरोबर घेऊन फिरते, आणि मधले आपल्या जागेवरून उसवते.

विहिरीवरच्या पंपाचा पाइप तुम्ही उघडला असेल. वरचा जोड गंजलेला असला आणि पान्ह्याने नुसता जोर लावला, तर सुटतो तो खालचा जोड. इथेही तसेच होते. कड्यावरचा आकडा बरोबर असतो, फोटो मात्र अंधुक येतो.

उपाय सोपा आहे, पण सबुरीचा. आधी कडे अनंत अंतराच्या खुणेवर कुठे थांबते ते पेन्सिलीने टिपून ठेवा. कड्याच्या बाजूला बारीक मळसूत्रे असतात. ती घड्याळजीच्या पेचकसाने ढिली करा, पण पूर्ण काढू नका, हरवतात. कडे उचलून घ्या. मग पुढचे व मधले भिंग जोडीनेच उलटे फिरवून बाहेर काढा. ही जोडी झाकणाच्या काचेच्या बरणीत, लायटरमध्ये भरतात त्या पेट्रोलात बुडवून ठेवा. ही दोन्ही भिंगे एकेरी काचेची असतात म्हणून हे चालते. चिकटवलेल्या जोडकाचेचे भिंग असे कधीही बुडवू नये. खोलीत हवा खेळती असावी, जवळ चूल, दिवा, विडी काही नको. रॉकेल वापरू नका, ते तेलकट थर ठेवते.

आमच्या जोडीला तीन रात्री लागल्या. पेट्रोल पूर्ण उडून गेल्यावरच केस वाळवायच्या यंत्राने ती कोमट केली. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या घेतल्या, एकीने मधले भिंग धरले, दुसरीने पुढचे, आणि हलकेच उलटे फिरवले. कुरकुर झाली आणि सुटले! सुटताना दोन्ही काठ नेमके कुठे अलग होतात तिथे खूण करावी. या आट्यांना तोंडे अनेक असतात. चुकीच्या तोंडातून बसवले तर पुन्हा अंधुकच.

आटे काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटने पुसले, नवे वंगण नखभर लावले आणि मधले भिंग जागेवर पक्के आवळले. मग कॅमेऱ्याची पाठ उघडून फिल्मच्या जागी दुधी काच ठेवली, झडप उघडी ठेवली आणि गच्चीवरून भिंग मालटेकडीकडे रोखले. काचेवर टेकडी उलटी उमटली. बहिर्गोल काचेतून पाहत पुढचे भिंग थोडे थोडे फिरवले. टेकडीची कड सुरीसारखी स्वच्छ दिसली, तीच जागा अनंत अंतराची. तिथे कडे बसवून मळसूत्रे आवळली.

या कॅमेऱ्याला लागणारा १२० चा रोल १९०१ पासून निघतो आहे आणि आजही मागवला तर मिळतो. बारा फोटोंचा एक रोल घेऊन वडिलांना त्यांच्या जुन्या शाळेत नेले. सवयीने त्यांनी पावले मोजली, कडे लावले, कळ दाबली. धुऊन आलेल्या फोटोत शेवटच्या रांगेतल्या पोराच्या सदऱ्याच्या गुंड्यासुद्धा मोजता येत होत्या.

वडील तो फोटो बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे डोळे ठीक होते तर." आणि थोडे थांबून, "सत्त्याण्णवपासून पुढच्या पोरांचे फोटो तेवढे राहिले रे."

त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तुम्हाला मात्र एवढेच सांगतो. ट्रंकेतला कॅमेरा एकदा काढा, पक्कड दूर ठेवा, आणि आपल्या नजरेला दोष देण्यापूर्वी भिंग अडले आहे का ते पाहा.