जुनी मोटार आणि तिची चार चाके

मुंबईच्या रस्त्यांवर एके काळी फिरणारी व्हिक्टोरिया ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तिची पुढची चाके मागच्यांहून लहान असत हे आठवेल. ही लहान-मोठी जोडी शोभेसाठी नव्हती. घोडा वळला की पुढचा आस त्याच्यासवे फिरे, आणि चाके लहान असल्यामुळे ती गाडीच्या सांगाड्याखाली जाऊ शकत. मोटारीला ही अडचण नाही. तिचा आस जागीच राहतो व केवळ चाके वळतात. म्हणून सर्वसाधारण मोटार कारखान्यातून चारही टायर एकाच मापाचे घेऊन बाहेर पडते. असे असूनही जुन्या मोटारींचा षोक करणारी तरुण मंडळी मागे रुंद व पुढे बारीक टायर बसविण्याचा हट्ट धरतात.

1961 च्या डिसेंबरपूर्वी, भारतात मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध असताना, गोव्यात जर्मन मोटारी येत होत्या. मर्सिडीजच्या टॅक्सी होत्या, तशाच पाठीशी इंजिन वाहणाऱ्या फोक्सवॅगनच्या गोल गाड्याही होत्या. समजा, मोरजीतील एखाद्या घरी आजोबांची अशी फोक्सवॅगन माडांखालच्या मांडवात वर्षानुवर्षे उभी आहे. नातू ती मोठ्या हौसेने दुरुस्त करून घेतो. टायर मात्र भेगाळलेले. मूळ माप 5.60-15, म्हणजे रुंदी 5.60 इंच व रिमचा व्यास 15 इंच. कोणी मित्र सुचवितो, "पुढे 135 चे घाल, मागे 165 चे; गाडी नाक खाली करून उभी राहील, रुबाब वाढेल!"

या सल्ल्यात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. या गाडीचे इंजिन मागे असल्यामुळे सुमारे तीनपंचमांश भार मागच्या चाकांवर पडतो. त्यातून तिचे मागचे अर्धे आस वरखाली झुलणारे. वेगात वळण घेताना चालकाने घाबरून पाय एकदम उचलला, तर मागची बाजू बाहेर फेकली जाते. मागची पकड पुढच्याहून अधिक ठेवली की हा दोष काहीसा दबतो. कारखान्याने हे काम हवेच्या दाबावर सोपविले होते: पुढे सुमारे 16 पौंड, मागे सुमारे 24. अमेरिकेतील शेव्हरोले कॉर्व्हेअर या मागे इंजिन असलेल्या मोटारीतही पुढे 15 व मागे 26 पौंड अशी योजना होती. पेट्रोलपंपावर सर्व चाकांत सारखीच हवा भरली गेली की ती योजनाच ढासळे, आणि 1965 साली राल्फ नेडर यांनी त्या मोटारीवर जी कठोर टीका केली तिच्यात हाही मुद्दा होता. तेव्हा जे काम हवा भरण्याच्या नळीने फुकट होते, त्यासाठी निरनिराळी मापे कशाला?

आता दुसरी बाजू. उंची रुंदीच्या 80 टक्के धरली, तर 135 च्या टायरचा व्यास 597 मिलिमीटर भरतो, 165 च्या टायरचा 645. दोन आसांतील अंतर 2400 मिलिमीटर. म्हणजे गाडी जेमतेम अर्ध्या अंशाने झुकते. इतक्याशा रुबाबासाठी किंमत मात्र मोठी. वळणानंतर सुकाणूचक्र आपोआप सरळ होण्याची ओढ थोडी कमी होते. या गाडीचा वेगदर्शक काटा पुढच्या डाव्या चाकावरून फिरतो. चाक लहान झाले की काटा चढतो, आणि खरा वेग 50 असता 54 दाखवितो. हे एक वेळ चालेल. परंतु ब्रेक दाबताच भार पुढे सरकतो व थांबविण्याचे काम मुख्यत्वे पुढच्या टायरांवर पडते. पहिल्या पावसात तांबड्या मातीचा राप आलेल्या पेडण्याच्या रस्त्यावर ते बारीक टायर लवकर घसरू लागतात. शापोरा नदीवर पूल नव्हता तेव्हा चोपड्याहून शिवोलीस जाण्यासाठी फेरीबोटीच्या धक्क्याचा ओला उतार उतरावा लागे. तेथे ज्यांनी ब्रेक दाबला असेल, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

रुंद टायर वाळूत रुतत नाही, असाही युक्तिवाद होतो. पण मोरजीची वाळू समुद्रकासवांच्या अंड्यांची आहे; तेथे मोटार नेऊच नये.

निरनिराळी मापे शास्त्रशुद्ध रीतीने वापरलेली उदाहरणे आहेत. 1955 च्या सित्रोएन डीएस या फ्रेंच मोटारीला पुढे 165 चे व मागे 155 चे टायर होते, नेमके उलट! कारण तिचे इंजिन पुढे, ओढणारी चाकेही पुढची. तेथे संपूर्ण गाडीच त्या हिशेबाने रचलेली होती. टायरचा प्रकार हा मापापेक्षाही नाजूक विषय आहे. जुन्या आडव्या विणीचे टायर व रेडियल टायर एकाच आसावर कधीही मिसळू नयेत. दोन्ही वापरणे भागच पडले तर रेडियल मागे असावेत. पुढे रेडियल व मागे जुने टायर घातले की वर वर्णिलेला घसरण्याचा दोष दुणावतो. नातवाने चारही रेडियल 165 चे घ्यावेत आणि दाबातील फरक तेवढा राखावा, हे उत्तम.

तरीही हट्ट राहिलाच, तर जादा चाकाचा विचार त्याने आधी करावा. ते एकच असते. पुढच्या मापाचे जादा चाक मागे लावावे लागले, तर मागची दोन चाके सरळ रस्त्यावरही असमान फेरे घेतात आणि त्यांच्यामधील दंतचक्रे विनाकारण झिजत राहतात. अशा गाडीने हळूहळू जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जावे. रात्र असेल, तर सकाळपर्यंत गाडी चोपड्यासच ठेवावी व घरी चालत यावे.