मुदत संपलेली पेटंटे आणि मणिबेलीचे पाणी
(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विषय पेटंटांचा आणि सुरुवात मणिबेलीपासून, याचे काहींना नवल वाटेल. अक्कलकुवा तालुक्यातले नर्मदाकाठचे हे गाव आपल्याला माहीत आहे ते सत्याग्रहामुळे आणि बुडितामुळे. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातली ३३ गावे बाधित झाली, त्यांत पाणी सर्वांत आधी शिरले ते मणिबेलीत. १९९४ साली या गावाच्या नावाने जो जाहीरनामा निघाला, त्यावर ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी सह्या केल्या. जागतिक बँकेने मोठ्या धरणांना पैसा देणे थांबवावे, ही त्यातली मागणी. विस्थापनाचा तो इतिहास या व्यासपीठावरून माझ्यापेक्षा अधिकारी माणसांनी सांगितला आहे. मला आज बोलायचे आहे त्या पाण्यावर फिरणाऱ्या यंत्रांबद्दल आणि त्या यंत्रांवर एकेकाळी असलेल्या मालकीबद्दल.

सरदार सरोवराला दोन वीजगृहे आहेत. नदीपात्रातल्या भूमिगत वीजगृहात प्रत्येकी २०० मेगावॉटचे सहा संच आहेत आणि कालव्याच्या तोंडाशी प्रत्येकी ५० मेगावॉटचे पाच. एकूण १४५० मेगावॉट. नर्मदा लवादाच्या १९७९च्या निवाड्यानुसार या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. कालव्यावरचे संच कापलान जातीचे आहेत. विक्टर कापलान हा ऑस्ट्रियन प्राध्यापक, ब्रनो शहरात शिकवायचा. कमी उंचीवरून पडणाऱ्या भरपूर पाण्यासाठी त्याने पाती वळवता येणारे टर्बाइन काढले आणि १९१२-१३च्या सुमारास पेटंटांचे अर्ज केले. नदीपात्रातले संच फ्रान्सिस जातीचे, म्हणजे जेम्स फ्रान्सिस या इंजिनिअरने १८४८च्या सुमारास अमेरिकेतल्या लोवेल गावी सुधारलेल्या चक्राचे वंशज. तिसरे नाव लेस्टर पेल्टनचे. कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींच्या भागातला हा सुतार, १८८० साली त्याला पेटंट मिळाले. जलविद्युतशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला ही तीन नावे पाठ असतात.

चौथे नाव फारसे कोणी घेत नाही आणि मला त्याच्यावरच रेंगाळायचे आहे. अँथनी मिचेल. जन्म लंडनचा, १८७०चा. आयुष्याचा बहुतेक काळ राहिला ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला. या माणसाने दोन वर्षांच्या अंतराने दोन पेटंटे घेतली आणि मणिबेलीचा विचार करताना ती दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत असे मला वाटते.

आधी १९०५चे पेटंट घेऊ. उभ्या टर्बाइनचे चक्र, त्याचा दांडा, वरच्या जनित्राचा फिरता भाग आणि वरून ढकलणारे पाणी, असे शेकडो टन ओझे शेवटी एका चकतीवर येते आणि ती चकती अखंड फिरत असते. धातूवर धातू घासला तर थोड्याच वेळात सगळे वितळून जाईल. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८८६ साली दाखवले होते की फिरणाऱ्या भागाखालची फट पुढे रुंद आणि मागे अरुंद असेल, तर तीत ओढले गेलेले तेल दाबले जाते आणि त्या दाबावर ओझे उचलले जाते. मिचेलने त्या गणिताचे यंत्र केले. चकतीखाली सलग बैठक ठेवण्याऐवजी त्याने सुटे तुकडे ठेवले, प्रत्येक तुकडा किंचित कलू शकेल असा. चकती फिरू लागली की तेल ओढले जाते, तुकडा आपसूक हवा तेवढा तिरपा होतो आणि केसाच्या जाडीच्या तेलाच्या थरावर ते सगळे ओझे तरंगत राहते. चालू यंत्रात धातूला धातू लागतच नाही.

अमेरिकेत अल्बर्ट किंग्जबरी स्वतंत्रपणे याच जागी पोचला होता. त्याने १९०७ साली अर्ज केला, तेव्हा मिचेलच्या ब्रिटिश पेटंटची आडकाठी आली. आपले प्रयोग जुने आहेत हे पटवून द्यावे लागले, तेव्हा १९१० साली त्याला पेटंट मिळाले. दोन वर्षांनी त्याचे बेअरिंग पेनसिल्व्हानियातल्या होल्टवूडच्या वीजगृहात बसले. जगातल्या प्रचंड उभ्या जलविद्युत संचांना वाट मोकळी झाली ती या शोधाने. मोठ्या धरणांच्या गोष्टीत आपण सिमेंट मोजतो, उंची मोजतो. तेलावर कलणारे ते तुकडे नसते तर त्या उंचीवर एवढी यंत्रे चालली नसती.

आता त्याचेच १९०३चे पेटंट. हेही टर्बाइनचेच, पण लहान ओढ्यांसाठी. मराठीत त्याला आडप्रवाही टर्बाइन म्हणू, कारखान्यातले लोक क्रॉसफ्लो म्हणतात. दोन ताटे समोरासमोर धरून त्यांच्या कडांमध्ये पन्हाळीसारखी वाकडी पाती बसवावीत, तसे त्याचे चक्र. चौकोनी तोंडातून पाण्याचा पट्टा पात्यांवर आदळतो, चक्राच्या पोकळीतून आडवा जातो आणि पलीकडच्या पात्यांवर पुन्हा आदळून बाहेर पडतो. एकाच पाण्याकडून दोनदा काम. आत येताना पात्यांत अडकलेला पालापाचोळा बाहेर जाणारे पाणी धुऊन काढते. पावसाळ्यात सातपुड्याच्या नाल्यातून काय काय वाहत येते हे ज्याने पाहिले आहे, त्याला या एका गुणाचे मोल कळेल. आणि पाती? पोलादी पाइप उभा चिरून ती करता येतात. वेल्डिंग येणारा कारागीर आणि साधे वर्कशॉप, एवढ्यावर हे यंत्र उभे राहते.

पुढे हंगेरीच्या दोनात बांकीने त्याचे शास्त्र मांडले, जर्मनीच्या फ्रिट्झ ओसबर्गरने १९३३ साली सुधारित टर्बाइनचे पेटंट घेतले. त्याही मुदती केव्हाच संपल्या. १९७०नंतर नेपाळमध्ये काठमांडू आणि बुटवलच्या वर्कशॉपांनी परदेशी तंत्रज्ञांच्या साहाय्याने ही टर्बाइने बनवायला घेतली. डोंगरातल्या गावांत त्यांवर आधी पिठाच्या गिरण्या, भात सडायची यंत्रे आणि तेलघाणे चालले, मग दिवे लागले. नेपाळच्या कारागिराला मिचेलच्या वारसांकडे परवानगी मागावी लागली नाही.

पेटंट हा करार आहे, हे इथे समजून घ्यायला हवे. शोधकाने आपला शोध संपूर्ण लिहून द्यायचा, त्या विषयातल्या जाणकार माणसाला वाचून बनवता येईल इतका उघड. बदल्यात समाज त्याला ठरावीक काळ मक्तेदारी देतो. आपल्याकडे ती अर्जापासून २० वर्षांची आहे. वृत्तपत्रांतून करारातले मक्तेदारीचे कलमच आपल्यापर्यंत पोचते, खटले आणि कोट्यवधींचे आकडे. मुदत संपल्यावर शोध सर्वांचा होतो, या दुसऱ्या कलमाकडे कोणी पाहत नाही. तिसरी गोष्ट त्याहून दुर्लक्षित आहे. पेटंट ज्या देशात घेतले त्याच देशापुरते असते. जगातल्या कितीतरी शोधांचे भारतात कधी पेटंटच घेतलेले नसते. वार्षिक शुल्क न भरल्याने मुदतीआधी गळून पडलेलीही पुष्कळ असतात. आपल्या वापरासाठी तो सगळा ठेवा खुला आहे.

मग नर्मदाकाठच्या डोंगरांत काय आहे ते पाहू. नर्मदेपलीकडे, आता अलीराजपूर जिल्ह्यात येणाऱ्या भिताडा गावचे भिलाला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या डोंगरातला नाला वरच्या अंगाला अडवून त्याचे पाणी डोंगराच्या कुशीने पाटाने आणत. नाला खूप खाली राही, पाट मात्र अगदी हलक्या उताराने कडेकडेने चालत शेतापर्यंत येई. बांधाला दगड, फटींत सागाची पाने आणि चिखल. मध्ये ओहोळ आला की दगड रचून पाट त्यावरून पलीकडे न्यायचा. हाताशी लेव्हल नाही, दुर्बीण नाही. उताराचा अंदाज डोळ्याचा आणि पाण्याचाच. लहान जलविद्युत प्रकल्पात सर्वांत अवघड काम नेमके हेच असते, पाणी उंची न गमावता पुढे आणून एका जागी खाली सोडायचे. म्हणजे निम्मे तंत्रज्ञान या डोंगरांत आधीपासून होते. त्याच्यावर कोणाचे पेटंट नव्हते आणि ज्याने पहिला पाट काढला त्याचे नाव कोणत्याही कचेरीत नाही.

हिशेब करून पाहा. दर सेकंदाला २० लिटर पाणी, १० मीटर उंची. त्यात जवळजवळ २ किलोवॉटची ताकद असते. गळती, घर्षण वगैरे वजा जाता ६० टक्के हाती लागली तरी १२०० वॉट. नऊ वॉटचे शंभरावर दिवे त्यावर लागतात. उन्हाळ्यात नाले आटतात हे खरे. पण तेव्हा ऊन असते आणि सिलिकॉनच्या सौरघटाचे बेल प्रयोगशाळेचे १९५७चे पेटंटही कधीच सर्वांचे झाले आहे.

हे स्वप्नरंजन नाही. आपल्याच जिल्ह्यात, धडगाव तालुक्यातल्या बिलगावात उदई नदीवर २००३ साली १५ किलोवॉटचा प्रकल्प उभा राहिला. केरळहून आलेले तरुण इंजिनिअर, नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते आणि गावकऱ्यांचे श्रमदान, यांतून तो झाला. पाड्यांवर दिवे लागले, शाळेत लागले. २००६च्या पुरात तो पाण्याखाली गेला. मोठ्या धरणाच्या फुगवट्यात लहान वीजगृह बुडाले, ही घटना माझ्या दृष्टीने आपल्या जिल्ह्याच्या तंत्रज्ञानाच्या इतिहासातली सर्वांत दुःखद आहे. मिचेलच्या एका पेटंटाच्या वाटेने आलेली यंत्रे भिंतीखाली फिरत राहिली. दुसऱ्या पेटंटाने दाखवलेली वाट आपण चाललो आणि अर्ध्यात सोडली. मणिबेलीच्या टेकड्यांवर जी घरे टिकून राहिली त्यांच्याशी दळणवळण होडीने चालायचे, आणि त्यांच्या पायथ्याचे पाणी तिकडे दूर शहरांसाठी वीज करत होते. ही वाटणी अन्यायाची आहे, असे मी स्पष्ट म्हणतो.

कोणी विचारील, डोंगरातल्या ज्ञानावर उद्या बाहेरच्यांनी पेटंट घेतले तर? भीती खोटी नाही. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुन्या ग्रंथांचे आणि लेखांचे पुरावे देऊन ते १९९७ साली रद्द करवले. आता आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३(पी) पारंपरिक ज्ञानाला पेटंट नाकारते. २००२च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही करायला सांगितली आहे. पण हळदीचा खटला जिंकता आला तो लेखी पुराव्यावर. भिल्ल-पावरा वैदूंच्या तोंडी असलेल्या ज्ञानाला असा पुरावा कुठून आणायचा? म्हणून ती नोंदवही कंत्राटदाराकडून घाईने भरून घेण्याचा कागद होता कामा नये. गावाने बसून, आपल्या बोलीत, काय उघड करायचे आणि काय नाही हे स्वतः ठरवून ती भरावी.

आपल्यातल्या एका शोधकाचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. शंकर आबाजी भिसे, जन्म १८६७, मुंबईचे. छपाईचे खिळे ओतणाऱ्या यंत्रासह कितीतरी शोध त्यांनी लावले, पेटंटे घेतली, दादाभाई नौरोजींनी आणि टाटांनी पाठबळ दिले. १९३५ साली ते न्यूयॉर्कमध्ये वारले. त्यांची पेटंटेही आज सर्वांची आहेत. महाराष्ट्रातल्या किती अभियांत्रिकी महाविद्यालयांत ती कोणी उघडून वाचली असतील?

आता माझे मागणे. भारतीय पेटंट कार्यालयाची कागदपत्रे इंटरनेटवर फुकट पाहता येतात, परदेशांतलीही येतात. भारतात पेटंटाचे कागद इंग्रजीत किंवा हिंदीत असतात. मराठीत नाहीत, पावरीत तर नाहीतच. आपल्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी आणि आयटीआयनी दर वर्षी मुदत संपलेल्या किंवा भारतात कधीच न घेतलेल्या पाच पेटंटांचे सोप्या मराठीत आकृत्यांसह भाषांतर करावे. पाच फार नाहीत. टर्बाइन, मोहाची फुले वाळवण्याचे साधन, चूल, पाणी गाळण्याचे साधन, होडीचे इंजिन, यांपासून सुरुवात करावी. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी त्यांतले एक प्रत्यक्ष बनवून नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळेत किंवा एखाद्या आश्रमशाळेत बसवावे आणि गावातल्या दोन मुलांना दुरुस्ती शिकवूनच परतावे. या सभागृहात प्राध्यापक आहेत, वर्कशॉपचे मालक आहेत, जिल्हा परिषदेचे सदस्य आहेत. तुमच्यापैकी ज्यांना यात हात घालायचा आहे, त्यांनी आज जाण्यापूर्वी संयोजकांकडे आपले नाव नोंदवावे.