उन्हाळ्यातलं पाणी : औताच्या बैलाचं आणि घरच्या म्हाताऱ्याचं

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



भाव, कर्ज आणि विजेबद्दल माझ्याआधी बोलून झालं, माझ्यानंतरही बोलणार आहेत. मला कार्यकर्त्यांनी कपाशीच्या वाणांवर बोलायला सांगितलं होतं. पण पेरणीला अजून दीड महिना आहे. तोवर हा उन्हाळा काढायचा आहे, आणि समोर निम्मी डोकी पांढरी दिसताहेत. म्हणून विषय बदलतो, रागावू नका.

एक साधा प्रश्न विचारतो. वखर चालू असताना सूर्य डोक्यावर आला की आपण काय करतो? औत सोडतो. बैल सावलीत बांधतो, त्यांना पाणी दाखवतो. बैलानं पाण्याला तोंड लावलं नाही तर आपला जीव खालीवर होतो. आणि त्याच वावरात धसकटं वेचणारा सत्तरीचा बाप सकाळपासून किती पाणी प्याला, हे घरात कोणाला सांगता येईल?

मला सांगता आलं नव्हतं. मी शेतकीचा पदवीधर. ज्वारीला हंगामात साडेचारशे ते साडेसहाशे मिलिमीटर पाणी लागतं, हे मला तोंडपाठ. एका एप्रिलात माझे वडील चिमटा घेऊन पऱ्हाट्या उपटायला गेले. दुपारी तीनला घरी आले ते भलतंच बोलायला लागले. गेलेल्या भावाला हाका मारत होते. कोणी म्हणालं लकवा, कोणी म्हणालं बाहेरची बाधा. यात तास गेला. तालुक्याला नेलं तेव्हा डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "यांनी शेवटची लघवी केव्हा केली?" आम्ही तिघं भाऊ एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. वडील वाचले, पण मूत्रपिंडाला धक्का बसला तो बसलाच. पुन्हा वावरात पूर्वीसारखे उभे राहिले नाहीत.

नंतर मी त्यांना विचारलं, "बाबा, पाणी का नाही प्यालात? डबकी तर भरलेली होती." म्हणाले, "तहानच नव्हती लागली." ते खोटं बोलत नव्हते. वय वाढलं की तहानेची जाणीवच मंदावते. अंगात पाणी कमी पडलं तरी घसा मागत नाही. तरुणाच्या अंगात वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हातारपणी ते पन्नासच्या जवळ येतं. म्हणजे साठाच कमी. मूत्रपिंड पाणी राखून ठेवण्यात कमी पडतं. घामही उशिरा आणि कमी सुटतो, त्यामुळे अंग लवकर थंड होत नाही. आपल्या काळ्या जमिनीचंच उदाहरण घ्या. झाड सुकतं तेव्हाही त्या मातीत पाणी असतं, पण ते माती इतकं घट्ट धरून ठेवते की मुळाला उचलता येत नाही. भरल्या माठाशेजारी बसलेला म्हातारा माणूस तसाच. ज्वारी ताण पडला की पानं गुंडाळून थांबते, पाऊस आला की पुन्हा उठते. माणसाला असं थांबता येत नाही.

पाणी न पिण्याची आणखी कारणं आहेत, ती चारचौघांत कोणी बोलत नाही. मायबहिणी सकाळीच निंदायला-वेचायला निघतात, वावरात आडोसा नसतो, म्हणून दिवसभर पाणी टाळतात. म्हाताऱ्यांना रात्री चार वेळा उठावं लागतं, म्हणून ते संध्याकाळनंतर पेला तोंडाला लावत नाहीत. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात पाणीच मचूळ, ते आवडीनं कोण पिणार? यात म्हाताऱ्याचा हट्ट थोडा आणि आपली बेफिकिरी जास्त आहे. रात्रीचं उठणं टाळायचं तर पाणी सकाळपासून चारपर्यंत जास्त प्यावं, नंतर कमी. अजिबात बंद करू नये.

किती प्यावं? घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसालाही दिवसाला दीड-दोन लिटर पेय पोटात जायला हवं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. वावरात राबणाऱ्याचा घाम तासाला लिटरभरही जातो. त्यानं तहानेची वाट न बघता दर वीस मिनिटांनी पेलाभर प्यावं. मोजमाप नको वाटत असेल तर लघवीचा रंग बघा. फिकट असेल तर ठीक, गडद पिवळी किंवा थोडी थोडी होत असेल तर पाणी कमी पडलं. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिलंय, त्यांनी माझं ऐकू नये, डॉक्टरांचं ऐकावं. रक्तदाबासाठी लघवी होण्याची गोळी चालू असेल त्यांनीही उन्हाळा लागताच एकदा विचारून घ्यावं.

घामाबरोबर मीठही जातं. आपल्या घरात त्यावर उपाय आहेतच : मीठ घातलेलं ताक, ज्वारीची आंबील, कैरीचं पन्हं. आंबील गरिबाचं खाणं म्हणून आपण तिला खाली ढकललं आणि रंगीत बाटली पाहुण्यापुढे ठेवली, त्याला काय म्हणावं! जुलाब-उलटी झाली तर मात्र एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मोजूनच घाला, मीठ वाढलं तर अपाय होतो. या साध्या पाण्याची ताकद १९७१ साली दिसली. बांगलादेशच्या लढाईतले निर्वासित बनगावला आले, पटकी पसरली, सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात मीठ-साखरेचं पाणी करून नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूंचं प्रमाण शेकडा तीसच्या घरातून चारच्या आत आलं. २०२२ साली ते गेले, पद्मविभूषण २०२३ साली मिळालं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अंग तापलंय आणि माणूस बरळतोय, झोकांड्या खातोय किंवा शुद्ध हरपतेय, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून गाफील राहू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. तापाची गोळी इथे चालत नाही. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका. आम्ही तो तास बाधेच्या चर्चेत घालवला.

मे महिन्यात पीककर्जाच्या आणि निराधारांच्या पगाराच्या रांगा बँकेबाहेर लागतात, त्यात म्हातारेच जास्त. प्रत्येक तालुका शाखेनं या आठवड्यात शाखाधिकाऱ्याला आणि बाजार समितीच्या सचिवाला लेखी द्यावं : सावलीला मांडव, प्यायला पाणी, बायकांसाठी बंद आडोसा आणि साठीच्या वरच्यांचं काम अकराच्या आत. दिलेल्या पत्राची पोच घ्या. आणि आपल्या बैठका दुपारी बाराला ठेवणं आजपासून बंद करूया, ही चूक आपलीच आहे.

साडेअकरा झालेत. मांडवामागे दोन रांजण भरलेत, शेजारी ताकाचं पिंप आहे. मागे बसलेल्या पोरांनी उठावं आणि आधी पुढच्या रांगेतल्या आजी-आजोबांना पेले नेऊन द्यावेत. सगळ्यांचं पिऊन होईपर्यंत पुढच्या वक्त्यांनी थांबावं.