सीमेवरची मुले



आज मी तुम्हांला अमेरिकेतली एक हकिकत सांगणार आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेला मेक्सिको देश लागतो. २०१४ साली त्या सीमेवर पोरांची रीघ लागली. त्या सरकारी वर्षात ६८ हजारांवर मुले आईबापांवाचून, एकटी आलेली पहारेकऱ्यांना सापडली. बहुतेक होंडुरास, ग्वाटेमाला आणि एल साल्वाडोर या तीन देशांतली.

तुम्ही म्हणाल, पोरांनी घरदार का सोडलं? तिकडे गुंडांच्या टोळ्या माजल्या होत्या. त्या पोरांना दमदाटी करून टोळीत ओढीत. शिवाय गरिबी होतीच. कित्येकांचे आईबाप आधीच अमेरिकेत मजुरीला गेले होते. पोरे त्यांच्याकडे निघाली.

मग लोक कसे वागले? दोन तऱ्हांनी.

कॅलिफोर्नियात मरिएटा नावाचे शहर आहे. १ जुलै २०१४ रोजी तिथे तीन बसगाड्या आल्या. आत सीमा ओलांडून आलेल्या आया होत्या, त्यांची मुले होती. लोक झेंडे घेऊन रस्त्यात उभे राहिले. गाड्या माघारी फिरल्या. लोक म्हणत, रोगराई येईल, खर्च आमच्या डोक्यावर बसेल, कायदा मोडणाराला आसरा कशाला?

टेक्सासमध्ये मॅकॅलन गाव आहे. तिथेही अशाच आया आणि मुले आली. तिथल्या लोकांनी चर्चची जागा उघडली. पोरांना आंघोळ घातली, धुतलेले कपडे दिले, गरम सूप पाजले.

आता विचार करा. मरिएटाच्या लोकांना प्रश्न विचारायचा हक्क नव्हता का? होता. खर्चाचा प्रश्न खराच. पण तो सरकारला विचारायचा. बसमधल्या पोराजवळ त्याचे उत्तर कुठले?

आणि कायदा होताच. तो २००८ साली झाला. शेजारच्या देशांखेरीज इतर देशांतून एकटे आलेले मूल लगेच हाकलता येत नसे. त्याला ७२ तासांच्या आत आरोग्य खात्याच्या हवाली करायचे. मग न्यायाधीशाने त्याचे म्हणणे ऐकायचे. ठेवायचे की परत पाठवायचे, हे त्यानंतर ठरे.

तो निकाल कचेरीत लागतो. त्याला वेळ लागतो. पण तहानलेल्या पोराला पाणी द्यायला निकालाची वाट पाहावी लागत नाही.